वैद्य अंतराळांत कां गेला ?

वैद्यानें नाडी पाहावी, पथ्य सांगावें, औषध द्यावें आणि रोग मात्र रोग्यानें भोगावा, अशी जगाची जुनी रीत आहे. वैद्यकाच्या इतिहासांत या रीतीला अपवाद झाले ते थोडे. आणि त्या थोड्यांत मॉस्कोचे डॉक्टर व्हालेरी पोल्याकोव्ह यांचा अपवाद विलक्षण म्हटला पाहिजे. ज्या व्याधीचा त्यांना अभ्यास करावयाचा होता, ती पृथ्वीच्या पाठीवर तिच्या खऱ्या स्वरूपांत कोठेंच सांपडत नाहीं. ती पाहावयाची तर पृथ्वी सोडून जाणें प्राप्त. आणि तेथें गेल्यावर वैद्यहि तिच्या तडाख्यांतून सुटत नाहीं. पोल्याकोव्ह तेथें गेले, आणि एकदां नव्हे, दोनदां गेले. दुसऱ्या खेपेस ते ८ जानेवारी १९९४ रोजीं निघाले आणि २२ मार्च १९९५ रोजीं परतले. हे ४३७ दिवस आणि वर जवळजवळ १८ तास झाले. एकाच उड्डाणांत इतका काळ अंतराळांत काढलेला दुसरा मनुष्य २०२५ सालापर्यंत झाला नाहीं.

ही व्याधि कसली, हें समजण्यासाठीं फार दूर जावयास नको. हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गांवीं तिची लहानशी प्रतिमा नित्य पाहावयास मिळते. एखादा शेतकरी गाडीवरून पडतो, पायाचें हाड मोडतें, डॉक्टर पाय प्लॅस्टरमध्यें बांधतात आणि त्याला दीड-दोन महिने खाटेवर पडून राहावयास सांगतात. हाड सांधतें, परंतु प्लॅस्टर कापलें म्हणजे घरचीं माणसें दचकतात. एक पाय दुसऱ्याच्या शेजारीं परक्यासारखा दिसतो. पोटरी ओसरलेली, कातडी सैल पडलेली, आणि भिंतीला धरून रोगी उभा राहूं लागला तर त्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येते. औषधपाणी नीट झालें, दूधतुपाचीहि हयगय नव्हती. मग पायांतलें बळ गेलें कोठें? तें कोणी नेलें नाहीं. शरीर हा फार हिशेबी कारभारी आहे. ज्या स्नायूकडून काम घेतलें जात नाहीं, त्याला पोसण्याचा खर्च तो करीत नाहीं. ज्या हाडावर भार पडत नाहीं, त्यांतला चुना तो हळूहळू काढून घेतो. अंतराळांत गेलेल्या मनुष्याला हातपाय हालवितां येतात खरे. परंतु त्याच्या कोणत्याच अवयवावर देहाचा भार म्हणून पडत नाहीं. त्यामुळें त्या शेतकऱ्याच्या एका पायाचें जें झालें, तेंच त्याच्या सबंध शरीराचें होऊं लागतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतराळांत पृथ्वीचें आकर्षण नसतें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. पोल्याकोव्ह ज्यावर राहिले तें ‘मीर’ नांवाचें अंतराळ-स्थानक साडेतीनशे ते चारशे किलोमीटर उंचीवरून फिरत असे. कळमनुरीहून पुणें सरळ रेषेंत जितकें दूर आहे, तितकीच ही उंची. एवढ्या अंतरानें पृथ्वीची ओढ फारशी कमी होत नाहीं. ती दहांत नऊ हिश्श्यांच्या आसपास कायमच राहते. मग भार कां लागत नाहीं ? विहिरीवर पाणी ओढतांना दोर तुटला, तर पोहरा आणि त्यांतलें पाणी एकाच वेगानें खालीं जातात. त्या क्षणापुरतें पाण्याचें ओझें पोहऱ्याच्या बुडावर मुळींच पडत नाहीं. अंतराळ-स्थानक आणि त्यांतील माणसें हींहि अशींच निरंतर खालीं पडत असतात. मात्र त्यांचा आडवा वेग इतका प्रचंड असतो, कीं पडतां पडतां पृथ्वीची गोलाई त्यांच्या पायांखालून सरकत जाते आणि जमीन कधींच गांठत नाहीं. कळमनुरी ते पुणें हें अंतर मीर एका मिनिटाच्या आंत कापीत असे, आणि दीड तासांत पृथ्वीला एक वेढा पुरा करीत असे. त्याची वाट विषुववृत्ताशीं सुमारें ५१·६ अंशांचा कोन करून जात असल्यामुळें, त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत मोडणाऱ्या कळमनुरीच्या आकाशांतूनहि तें कितीदां तरी गेलें असेल. पहांटे किंवा दिवेलागणीला संथपणें सरकणारी एक चांदणी, एवढेंच त्याचें रूप खालून दिसे. त्या चांदणींत एक डॉक्टर बसलेला होता आणि स्वतःचेंच शरीर तपाशीत होता.

भार नाहींसा झाला म्हणजे शरीरांत काय काय घडतें ? पहिला फेरफार रक्ताचा. जमिनीवर रक्ताची ओढ पायांकडे असते. हृदय आणि शिरा मिळून तें वर चढवितात. भार गेला म्हणजे रक्त व इतर द्रव छाती-डोक्याकडे सरकतात. तोंड सुजल्यासारखें दिसतें, नाक चोंदतें, पाय बारीक होतात. वरच्या भागांत पाणी अधिक झालें असें समजून शरीर तें बाहेर टाकतें, आणि रक्ताचें एकंदर प्रमाण घटतें. दुसरा फेरफार कानांतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा. वर कोणतें आणि खालीं कोणतें हेंच त्याला उमगत नाहीं, आणि पहिले कांहीं दिवस मळमळ व घेरी यांत जातात. तिसरा स्नायूंचा; पाठ, मांड्या आणि पोटऱ्या यांचें बळ ओसरतें. चौथा व सर्वांत चिवट फेरफार हाडांचा. कंबरेच्या व मांडीच्या हाडांतून दर महिन्याला शेंकडा एक ते दीड इतका भाग कमी होऊं शकतो. म्हणजे वार्धक्यांत जी झीज साधारणतः वर्षभरांत होते, ती एका महिन्यांत. हा चुना रक्तांतून मूत्रावाटे जातो, म्हणून मूतखड्याचें भयहि वाढतें. आणि नवल असें, कीं वर असेपर्यंत यांपैकीं बऱ्याच गोष्टींचा त्रास जाणवत नाहीं. खरा प्रसंग ओढवतो तो परत आल्यावर.

हें प्रथम कटु अनुभवानेंच कळलें. १२ एप्रिल १९६१ रोजीं यूरी गागारिन अवघीं १०८ मिनिटें जाऊन आले, तेव्हां मनुष्य वर जिवंत राहतो कीं नाहीं एवढाच प्रश्न होता. पुढें १९६४ च्या आक्टोबरांत ‘व्होस्खोद-१’ या यानांतून बोरिस येगोरोव्ह नांवाचा तरुण डॉक्टर एक दिवसाची फेरी करून आला. अंतराळांत गेलेला हा जगांतला पहिला वैद्य. परंतु एका दिवसांत शरीर आपला हिशेब उघड करीत नाहीं. तो १९७० च्या जूनमध्यें उघड झाला. ‘सोयुझ-९’ मधून निकोलायेव्ह व सेवास्त्यानोव्ह हे सुमारें १८ दिवस राहून उतरले, तेव्हां दोघांनाहि धड उभें राहवेना. अठरा दिवसांत ही अवस्था, तर महिने आणि वर्षें राहण्याची गोष्ट कशास काढावी, असें अनेकांना वाटलें. अमेरिकेनेंहि १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ या स्थानकावर जोसेफ कर्विन या डॉक्टरास २८ दिवस ठेवलें. जमिनीवर बसून आंकडे पाहणाऱ्या वैद्याला सर्व कळत नाहीं, रोग्याच्या उशाशींच वैद्य हवा, हें दोन्ही देशांना पटत चाललें होतें.

येगोरोव्ह वर गेले, त्या वेळीं पोल्याकोव्ह मॉस्कोच्या सेचेनोव्ह वैद्यक विद्यालयांत शिकत होते. त्यांचा जन्म २७ एप्रिल १९४२ चा, तुला या शहरांतला. युद्धाचे दिवस होते. शत्रूचा वेढा त्या शहराभोंवतीं पडून उठल्याला कांहीं महिनेच झाले होते. मूळचें आडनांव कोर्शुनोव्ह. सावत्र पित्यानें दत्तक घेतल्यावर तें पोल्याकोव्ह झालें. १९६५ सालीं ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. येगोरोव्ह यांच्या उड्डाणानें त्यांच्या मनाचा ओढा ठरून गेला होता. मॉस्कोंतील वैद्यक-जीवशास्त्रीय प्रश्नांच्या संस्थेंत त्यांनीं अंतराळ-वैद्यकाचें काम पत्करलें, आणि १९७२ सालीं अंतराळवीरांच्या तुकडींत त्यांची निवड झाली.

निवड झाली, पण उड्डाण नव्हे. या चरित्राचा हा भाग झगमगाटाचा नाहीं, आणि म्हणूनच तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वैद्यानें यान चालवावयास शिकावें, यंत्रांची दुरुस्ती शिकावी, फिरत्या खुर्चींत व पाण्याच्या टाकींत अंग कसावें, आणि प्रत्येक वेळीं दुसऱ्या कोणाला तरी निरोप देऊन परतावें. १९८० सालीं आणि पुन्हां १९८४ सालीं ते राखीव तुकडींत होते. निवड झाल्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत सोळा वर्षें गेलीं.

१९८४ सालीं ज्यांच्या जागीं ते राखीव होते, ते ओलेग आत्कोव्ह हेहि हृदयरोगांचे तज्ज्ञ डॉक्टर. ‘साल्यूत-७’ या स्थानकावर आत्कोव्ह २३७ दिवस राहिले. भारताच्या दृष्टीनें या मुक्कामाचें महत्त्व निराळेंच आहे. ३ एप्रिल १९८४ रोजीं निघालेले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा याच स्थानकावर पाहुणे म्हणून उतरले. बंगलोर येथील वायुसेनेच्या वैमानिक-वैद्यक संस्थेंत ज्यांची कसून पारख झाली, अशा वैमानिकांतून त्यांची निवड झाली होती. वजनरहित अवस्थेंत योगासनांनीं शरीराचें रक्षण कितपत होतें, याचा प्रयोग त्यांनीं तेथें केला. भारतीय वैमानिक आसनें करीत आहे आणि त्याच छोट्याशा घरांत एक हृदयतज्ज्ञ राहत आहे, असा हा योग होता. शर्मांचा मुक्काम आठवड्याभराचा. तेवढ्या काळांत शेवटचा निकाल मिळणें शक्य नव्हतें. परंतु प्रश्न मात्र तोच होता : भाराशिवाय शरीराला शरीरपण कसें टिकवितां येईल ?

याच सुमारास मॉस्कोच्या त्या संस्थेनें जमिनीवर एक चिकाटीचा प्रयोग केला. १९८६-८७ सालीं, बोरिस मोरुकोव्ह या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, कांहीं निरोगी पुरुषांना ३७० दिवस अंथरुणावर निजवून ठेवलें. खाटेची डोक्याकडची बाजू थोडी खालीं केलेली असे, म्हणजे रक्त डोक्याकडे ओढलें जाऊन अंतराळाची नक्कल व्हावी. व्यायाम केव्हां सुरू करावा, किती करावा, कोणत्या औषधानें हाडांची झीज थांबते, हें तेथें पारखलें गेलें. कळमनुरीच्या त्या शेतकऱ्याचें दुखणें येथें जाणूनबुजून, मोजून मापून निर्माण केलें होतें. तरीहि नक्कल ती नक्कलच. निजलेल्या माणसाची पाठ गादीवर टेकलेली असते. अंतराळांत टेकावयाला कांहींच नसतें.

अखेर २९ ऑगस्ट १९८८ रोजीं पोल्याकोव्ह यांची पाळी आली. वय ४६. अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोमंद आणि व्लादिमीर ल्याखोव्ह हे त्यांचे सोबती थोड्याच दिवसांत परत फिरले. पोल्याकोव्ह मात्र मीरवर मागें राहिले, कारण त्यांचे रोगी तेथें होते. तितोव्ह आणि मानारोव्ह हे दोघे वर्षभराचा मुक्काम पुरा करीत आले होते. इतका दीर्घ मुक्काम तोंवर कोणीं केलेला नव्हता. अखेरच्या महिन्यांत त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवणें आणि उतरण्यासाठीं त्यांची तयारी करून घेणें, हें काम त्या डॉक्टरांचें होतें. डिसेंबरांत ते दोघे सुखरूप उतरले. स्वतः पोल्याकोव्ह २४० दिवसांनीं, २७ एप्रिल १९८९ रोजीं, नेमक्या आपल्या ४७ व्या वाढदिवशीं भूमीवर आले.

एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं, याचें कारण मंगळ. मंगळावर जावयाचें तर एका बाजूचा प्रवासच साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. तेथें उतरल्यावर हात देऊन बाहेर काढणारा वैद्य नाहीं, खुर्ची घेऊन धांवणारे सेवक नाहींत. मंगळाची ओढ पृथ्वीच्या सुमारें ३८ टक्के असली, तरी प्रवाशाला आपल्याच पायांवर उभें राहून काम करावें लागेल. तें साधणार नसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ. याची परीक्षा दुसऱ्या कोणावर घेण्यापेक्षां पोल्याकोव्ह यांनीं ती स्वतःवर घेतली. मध्यंतरीं १९९१ सालीं ज्या राज्यानें त्यांना निवडलें होतें तें सोव्हिएट राज्यच नाहींसें झालें. तरीहि काम थांबलें नाहीं. १९९४ च्या जानेवारींत, वयाच्या ५१ व्या वर्षीं, ते पुन्हां निघाले.

मीरवरील दिनक्रमांत व्यायामाला जेवणाइतकेंच मानाचें स्थान होतें. दररोज सुमारें दोन तास त्यांत जात. फिरत्या पट्ट्यावर धांवावयाचें. परंतु धांवणारा पहिल्याच पावलाला तरंगत वर जाऊं नये, म्हणून रबरी पट्ट्यांनीं त्याला खालीं ताणून धरावयाचें. बसल्या जागीं पाय मारावयाची सायकल होती. अंगांत लवचीक पट्टे शिवलेला एक पोशाख असे. त्यांत साधें ताठ उभें राहणें हेंसुद्धां श्रमाचें होई, आणि स्नायूंना कामाची आठवण राही. परतण्याचे दिवस जवळ आले म्हणजे कंबरेखालीं हवेचा दाब कमी करणारी तुमान चढवून रक्त पायांकडे ओढीत, आणि उतरण्यापूर्वीं मीठ व पाणी घेऊन घटलेला द्रव थोडा भरून काढीत. यांतलें कांहींच चमत्काराचें नाहीं. सारा चमत्कार नियमांत आहे. आणि नियम चौदा महिने, एकहि पाऊल बाहेर टाकावयास अंगण नसतांना पाळणें किती अवघड, हें आजारपणानंतर व्यायाम सांगितलेला कोणीहि जाणतो.

शरीराबरोबर मनाचीहि नोंद ठेवलेली होती. ठराविक दिवशीं ते हिशेबाच्या, लक्ष एकाग्र करण्याच्या आणि हाताच्या अचूकपणाच्या कसोट्या देत. त्यांतून असें दिसलें, कीं पहिले सुमारें तीन आठवडे आणि परतल्यानंतरचे दोन आठवडे मनःस्थिति व कामाचा जोम यांत उतार पडला. मधल्या प्रदीर्घ काळांत मात्र तीं स्थिर राहिलीं. मुक्काम लांबला म्हणून मन खचत गेलें, असें झालें नाहीं; नव्या जागेशीं जुळवून घेण्याचे दिवसच खरे कठीण ठरले.

१९९५ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचें ‘डिस्कव्हरी’ हें यान मीरपासून अवघ्या ११ मीटरांपर्यंत आलें. त्या वेळीं काढलेल्या एका छायाचित्रांत स्थानकाच्या लहानशा खिडकींतून बाहेर पाहणारे पोल्याकोव्ह दिसतात. पुढल्याच महिन्यांत नॉर्मन थगार्ड हे अमेरिकन अंतराळवीर मीरवर राहावयास आले, तेहि डॉक्टरच. एका वैद्यानें दुसऱ्याच्या हातीं दवाखाना सोंपवावा, तसें तें झालें.

२२ मार्च १९९५ रोजीं कझाकस्तानच्या माळावर पोल्याकोव्ह यांचें यान उतरलें. दीर्घ मुक्कामाहून आलेल्या अंतराळवीरास यानांतून उचलून खुर्चींत ठेवावयाचें, अशी वहिवाट. पोल्याकोव्ह यांनीं ती मोडली. यानापासून जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत ते आपल्या पायांनीं चालत गेले. अंतर कांहीं पावलांचें. परंतु ४३७ दिवसांच्या खटाटोपाचें उत्तर त्या पावलांत होतें : चौदा महिने भाराशिवाय राहिलेला मनुष्य, नियमानें व्यायाम केला असेल तर, उतरतांच उभा राहूं शकतो आणि चालूं शकतो.

या उत्तराच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. तो एका माणसाचा अनुभव होता, आणि तो मनुष्य वैद्य व कसलेला होता. सर्वांची शरीरें तशी नसतात. व्यायामानें झीज मंदावते, पण अगदीं थांबते असें नाहीं. गेलेलें हाड भरून येण्यास गेलेल्या काळाहून अधिक काळ लागूं शकतो. शिवाय मीर हें पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आश्रयांत फिरत होतें. मंगळाच्या वाटेवर तो आश्रय नाहीं, आणि तेथील किरणांचा मारा ही निराळीच चिंता आहे. पोल्याकोव्ह यांनीं सर्व दारें उघडलीं नाहींत. एक मोठें दार बंद नाहीं, एवढें त्यांनीं दाखविलें. आणि शास्त्रांत एवढेंहि पुष्कळ असतें.

त्याच वर्षीं त्यांनीं अंतराळवीराचा पोशाख उतरविला आणि आपल्या जुन्या संस्थेंत उपसंचालकाच्या जागीं काम केलें. सप्टेंबर १९२२ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, २०२२ च्या सप्टेंबरांत, वयाच्या ८० व्या वर्षीं ते वारले. त्यांनीं हाताळलेला प्रश्न मात्र जिवंत आहे, आणि त्यांत भारतीयांचाहि हात लागला आहे. भारतीय पित्याचे पुत्र डॉक्टर अनिल मेनन यांची अमेरिकेनें २०२१ सालीं अंतराळवीर म्हणून निवड केली. त्यापूर्वीं पोलिओच्या लसीकरणाच्या कामानिमित्त ते वर्षभर भारतांत राहिले होते. २०२५ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांच्या प्रयोगांत, भाराशिवाय स्नायु कां खंगतात हा भारतीय शास्त्रज्ञांनीं मांडलेला प्रश्न होता.

या सर्व उद्योगाचा पृथ्वीवरील घरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. ज्या घरांत एखादी वृद्ध आई पडून आहे, किंवा शस्त्रक्रिया झालेला रोगी उठावयास भितो, त्या घरांत हीच व्याधि लहान प्रमाणांत हजर असते. डॉक्टर रोग्याला लौकर उठवून बसवितात, चार पावलें चालावयास लावतात, तेव्हां घरच्यांना तो निर्दयपणा वाटतो. खाटेवरच्या रोग्यांनीं आणि अंतराळांतल्या वीरांनीं मिळून त्यामागचें कारण स्पष्ट केलें आहे. भार हा शरीराचा वैरी नव्हे. शरीराला बांधून ठेवणारी तीच गोष्ट आहे. विश्रांति हें औषध खरें, पण त्याचीहि मात्रा असते. आणि ती मात्रा मोजण्यासाठीं एका वैद्यानें आपल्या आयुष्याचे ६७८ दिवस पृथ्वीबाहेर काढले.